नवव्या पिंपातलं मीठ

इन्साफ त्या शुक्रवारची चाळीस दिवस वाट पाहत होती. शम्म-एल-नसीम हा वसंताचा सण सोमवारी. त्याआधीच्या शुक्रवारी, दुपारचा नमाज आटोपला की दुकानामागच्या अंगणात पिंपं उघडायची, हा तिच्या वडिलांच्या, हाज अब्दुलमुतींच्या घरचा नेम तिच्या जन्माच्याही आधीचा. पहिला घास हाज स्वतः घेणार. मग घरचे जेवणार, मग सासरी नांदणाऱ्या लेकीबाळींच्या टोपल्या भरणार, आणि त्यानंतरच दुकानाची फळी वर जाणार. मिठात मुरवलेला बोय मासा, म्हणजे फसीख, नबरोह गावात गल्लोगल्ली मिळतो. पण अब्दुलमुतींची पिंपं उघडल्याशिवाय सण आला असं जुनी माणसं मानत नसत.

इन्साफनं मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. बाबा नवव्या पिंपातला मासा सोलतील, वर लिंबू पिळतील, रोटीत गुंडाळून घास घेतील आणि मध्येच थांबतील. म्हणतील, यंदा चव काही वेगळीच उतरली आहे. मग ती सांगणार होती, की बाबा, हा हात माझा आणि हे डोकं तुमच्या नातीचं, रदवाचं. तेवढ्यानं पोरीच्या शिकण्याला नावं ठेवणाऱ्या तिच्या बापाचं, रगबदादाचं तोंड कायमचं बंद होईल, अशी तिची भाबडी समजूत होती.

झालं होतं असं. थंडी सरता सरता हाजच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आणि डॉक्टरांनी त्यांना दोन महिने खाली वाकायची बंदी केली. नेमका त्याच आठवड्यात तळ्यावरून बोयांचा ट्रक आला. मासा काही डॉक्टरांचं ऐकून थांबत नाही. हाजनी पट्टी बांधल्या डोळ्यांनी खाटेवरून हुकूम सोडले: कल्ल्यात अंगठ्यानं दाबून मीठ, माशांच्या दर थरावर तीन मुठी, वरून फडकं, त्यावर दगड. पहिली सात त्यांनी आधीच भरली होती; आठवं, नववं, दहावं आणि अकरावं अशी चार पिंपं इन्साफनं एकटीनं भरली. नवरा गेल्यावर माहेरी आली त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं ती बाबांच्या शेजारी उभी राहून फक्त मासे धूत होती. मीठ तिच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं.

आणि मीठ म्हटलं की तिला सलामा आठवायचा. तिचा नवरा एकोणपन्नासाव्या वर्षी न्हाणीघरात कोसळला तो उठलाच नाही. रक्तदाब होता, एवढंच दवाखान्यात सांगितलं. पुढं कितीतरी वर्षांनी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या रदवानं एकदा स्वयंपाकघरात कागदावर रक्ताच्या नळ्या काढून दाखवल्या. मीठ शरीरात पाणी कसं धरून ठेवतं, नळ्यांवर ताण कसा येतो, हृदयाला काय सोसावं लागतं, सगळं तिनं इतकं सोपं करून सांगितलं की इन्साफला सलामाचं आयुष्य त्या कागदावर दिसलं. ती कोठीत जाऊन रडली. हे मला वेळेवर कुणी का सांगितलं नाही, एवढंच तिला वाटत राहिलं.

म्हणून मीठ हातात आलं तेव्हा तिनं तीन मुठींच्या जागी दीडच टाकली. गावातल्या प्रत्येक सलामावर आपण उपकार करतोय असं तिला त्या दिवशी वाटत होतं. कुणाला सांगितलं नाही, रदवालाही नाही. तिला तर चकित करायचं होतं.

रदवाचं शिक्षण हा त्या घरात जेवणाइतकाच रोजचा विषय होता. अन्न आणि पोषण या विषयाची पदवी, एवढं रगबला कळत होतं आणि ते त्याला मान्यही होतं. त्यानं बाजारात सांगून ठेवलं होतं की माझी मुलगी मोठ्या इस्पितळात पांढरा कोट घालून रुग्णांना काय खायचं ते सांगणार. पण मन्सूरा शहरातल्या तिच्या कॉलेजात रस्ता एकच नव्हता. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, रसायनं आणि शरीर. पुढं ज्यानं त्यानं आपापले विषय निवडायचे: इस्पितळातला आहार, शाळेतली मुलं, मोठी स्वयंपाकघरं, अन्न टिकवण्याच्या रीती. वाटलं तर सत्राला पाच विषय घ्यावेत, अडचण असेल तर दोनच. मध्येच रस्ता बदलता यायचा, आधी शिकलेलं वाया जायचं नाही. रदवानं ही सगळी सूट पुरेपूर वापरली. एक सत्र इस्पितळात काढलं, आणि रुग्ण ताट तसंच परत का पाठवतात ते शोधून काढलं. ताटाबरोबर लिंबाची फोड देत नव्हते, एवढंच कारण निघालं. एक सत्र खेड्यातल्या शाळेत मुलांचे डबे उघडून बघितले. आजोबांच्या डोळ्यांच्या वेळी दोनच विषय घेतले, म्हणजे त्यांना दवाखान्यात नेता यावं. आणि याच, चौथ्या वर्षी पांढरा कोट बाजूला ठेवून अन्न टिकवण्याचे विषय घेतले. रगबच्या कपाळाला आठी पडली ती तेव्हापासून.

"दर सहा महिन्यांनी नवं," तो म्हणायचा. "ना धड डॉक्टरीण, ना धड मास्तरीण. लोकांना सांगू काय मी?" या सणानंतर पुढच्या सत्राला तिचं नाव घालायचं नाही, हे त्यानं बायकोला, इनायातला, स्पष्ट सांगितलं होतं. इनायातनं ते लगेच नणंदेच्या कानावर घातलं, कारण दोघींचं इतर कशावर पटत नसलं तरी या पोरीवर पटायचं.

इन्साफला विचाराल तर रदवासारखी शिकणारी मुलगी तिनं दुसरी पाहिली नव्हती. इतरांची मुलं पुस्तक मिटलं की मोकळी व्हायची. ही दुकानात उभी राहिली तरी गिऱ्हाइकाला विचारायची, काकू, घरी कोण कोण खाणार, काका गोळ्या कुठल्या घेतात. कुणी काही चुकीचं बोललं तर हसायची नाही, आधी पूर्ण ऐकून घ्यायची. गेल्याच पंधरवड्यात तिनं आत्याजवळ दोन मासे मागितले होते. प्रत्येकानं आपल्या घरचं काहीतरी टिकवलेलं आणा, असं प्राध्यापिका डॉक्टर सुहेर यांनी वर्गाला सांगितलं होतं. इन्साफनं फडक्याखालून गुपचूप तिसऱ्या पिंपातला एक दिला, तो बाबांच्या हातचा. आणि दुसरा मोठ्या हौसेनं नवव्यातला काढून दिला.

शुक्रवारी रदवा मन्सूराहून आली तेव्हा अंगणात सगळी मांडामांड झाली होती. पातीचे कांदे, लेट्यूसची पानं, लिंबं, तीळतेल, रोट्यांची चळत. रदवाच्या थोरल्या बहिणीचा, साबरीनचा नवरा वजीह टोपली घेऊन हजर होता. साबरीनला सहावा महिना लागला होता आणि तिला फसीखचे डोहाळे लागले होते. वजीहला बारा महिने कसले ना कसले डोहाळे असत.

रदवा अंगणात गेलीच नाही. ती मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात आली. हातात एक निळी फाइल होती आणि चेहरा उतरला होता.

"आत्या, नवव्या पिंपाला मीठ कुणी लावलं?"

इन्साफ कांदे निवडत होती. "मीच की. बाबा पट्टी बांधून पडले होते ना तेव्हा. का गं?"

"आजोबांनी सांगितलं तेवढंच लावलंस?"

आता सांगून टाकावं, अशी तिच्या मनाची तयारी होती. पण पोरीच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, भीती होती. इन्साफला काय झालं तिलाच कळलं नाही. "तेवढंच," ती म्हणाली.

रदवा तिच्याकडे बघत राहिली. "मग माझंच चुकत असणार," ती म्हणाली. फाइल उघडून पाहिली. "पण नाही चुकत. तीनदा केलंय मी." आणि ती फाइल घेऊन अंगणात निघून गेली. इन्साफ मागोमाग गेली.

हाज स्टुलावर बसले होते. नवे डोळे आल्यापासून ते सगळ्यांकडे जरा जास्तच रोखून बघायचे. समोर तिसरं आणि नववं अशी दोन पिंपं ओढून आणली होती. रदवानं सलाम केला, त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाली की आजोबा, आज नववं उघडू नका. त्याच्याबरोबर आत्यानं भरलेली तीनही नकोत.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. घाई केली नाही, मोठे शब्द वापरले नाहीत. मासा कुटून, पाण्यात उकळून, त्यात थेंबाथेंबानं औषध सोडत रंग पालटेपर्यंत मोजायचं, असं मीठ मोजतात. तिसऱ्या पिंपातल्या माशाच्या पाण्यात शंभराला चौदा निघालं. नवव्यातल्यात सहा. तिला वाटलं आपला हात चुकला, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा सहा. तिसऱ्यांदा तिनं स्वतः हात लावला नाही, वर्गातल्या मैत्रिणीला न सांगता करायला दिलं, आणि तरी सहाच निघालं. दहाच्या खाली गेलं की पिंपात एक जंतू वाढतो, हवा नसलेल्या जागी. तो विष करतो. त्या विषाला वास नाही, रंग नाही. खाल्लेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी एकाचे दोन दिसायला लागतात, मग घास गिळता येत नाही, मग श्वास. विष झालंच आहे असं मी म्हणत नाही, ती म्हणाली. पण झालेलं नाही असंही मला म्हणता येत नाही.

वजीहनं टोपली हळूच खाली ठेवली.

राग आला की हाज आधी मिशीवरून हात फिरवायचे, तसा त्यांनी फिरवला. "मी सगळी पिंपं हुंगली आहेत," ते म्हणाले. "साठ वर्षं हुंगतोय. माझ्या हातचं खाऊन या गावात कुणी उलटीसुद्धा केलेली नाही."

"तुमच्या हातच्याला चौदा आलंय, आजोबा."

"मग ते नववंसुद्धा माझ्याच सांगण्यावरून भरलंय. हात इन्साफचा, हुकूम माझा. विचार तिला."

सगळे इन्साफकडे वळले. तिला बोलायचं होतं, पण त्याच वेळी रगब उठून उभा राहिला. तो बोलला ते बापाच्या बाजूनं नव्हतं, मुलीवर रोख धरून होतं. म्हणाला, हेच व्हायचं राहिलं होतं. चार वर्षं झाली, इस्पितळ झालं, शाळा झाली, आता घरावरच प्रयोग. सणाच्या तीन दिवस आधी आपल्याच आजोबांच्या पिंपात विष आहे म्हणून सांगते. बाहेर कुणाच्या कानावर गेलं तर हे दुकान या सणालाच नाही, कधीच उघडणार नाही. बस झालं ते कॉलेज.

इन्साफला सगळं लख्ख दिसलं. आता ती खरं बोलली तर रगबदादा विचारणार, मीठ कमी घालायचं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? आणि उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तो कागद, त्या नळ्या, सगळ्या घरानं पाहिल्या होत्या. तिच्या एका वाक्यानं पोरीचं शिक्षण आजच्या आज संपणार होतं. ती गप्प राहिली.

इनायात मात्र गप्प बसली नाही. एरवी ती नवऱ्यासमोर आवाज चढवत नसे. आज तिनं सरळ विचारलं की पोरगी मासा घेऊन गेली, मोजून आली, कागद आणला. तुम्ही काय आणलंत? रगबनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू भिंतच बोलली. वजीहनं दोन्हीकडची मनं राखायला सुचवलं की तळून खाऊ या, तळल्यावर काही राहत नाही म्हणतात. रदवा म्हणाली की नीट उकळलं, तळलं तर विष मरतं हे खरं आहे. पण तुम्ही तळाल, आणि साबरीन? तिला कच्चंच हवंय ना? आणि जे गिऱ्हाईक कागदात बांधून नेणार, त्यांच्या मागं मागं तळायला कोण जाणार? वजीह खाली बसला.

"बास," हाज म्हणाले.

त्यांनी बाह्या वर केल्या. नवव्या पिंपावरचा दगड स्वतः उचलला. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं, ते वाकले. फडकं बाजूला करून एक मासा काढला, पाटावर ठेवला, आणि बोटांनी कातडी सोलायला लागले. आतला गुलाबी गर दिसला. वास अगदी नेहमीसारखा, सणाचा. "मी खातो," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत मी इथंच, या स्टुलावर बसतो. मला दोन रगब दिसले तर तुझा कागद खरा. एकच दिसला, तर या घरात पुन्हा माझ्या मिठाचं माप कुणी काढायचं नाही."

"आजोबा, नको," रदवा म्हणाली. ती पुढं झाली, पण रगबनं तिचा दंड धरला. बापाच्या घासाच्या आड कुणी यायचं नाही, हाही त्या घरचा नेम होता.

हाजनी लिंबू पिळलं. रोटीचा तुकडा मोडला.

इन्साफ कधी पुढं गेली हे तिला नंतरही आठवत नव्हतं. तिनं बापाच्या हातावर हात ठेवला आणि तो घास पाटावर दाबून धरला. वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी तिनं पहिल्यांदाच बापाचा हात अडवला.

"दीडच मूठ घातली मी, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही तीन सांगितल्या. मी दीड घातली. चारी पिंपांत."

हाजनी मान वर केली. त्यांच्या त्या नव्या, स्वच्छ डोळ्यांकडे इन्साफला बघवेना, पण तिनं नजर वळवली नाही.

"का?"

"सलामासाठी." ती म्हणाली. "मीठ खाऊन माणसं मरतात, बाबा. माझं गेलं. मला वाटलं, इतरांची तरी वाचतील. तुम्हाला चव आवडली की सांगणार होते. मला ठाऊक नव्हतं हो. अल्लाची शपथ, मला ठाऊक नव्हतं."

मग ती रडली. रदवाच्या देखत रडली, वजीहच्या देखत रडली. आपण चाळीस दिवस ज्याची वाट पाहिली तो घास बापाच्या तोंडापासून चार बोटांवर होता, आणि आपण तरीही स्वयंपाकघरात खोटं बोललो, याची तिला इतकी लाज वाटली की तिला त्या अंगणात उभं राहवेना.

रगबनं मुलीचा दंड सोडला. इन्साफला भीती होती तेच तो बोलला, फक्त आवाज आता तेवढा मोठा नव्हता. "म्हणजे शेवटी आलं कुठून हे? हिच्याच वर्गातून ना? मीठ वाईट, मीठ वाईट. घरात हेच शिकवलं हिनं."

"हो, बाबा," रदवा म्हणाली. "माझ्याकडूनच आलं."

इन्साफ मध्ये बोलायला गेली, रदवानं तिला हातानं थांबवलं. पोरगी बापासमोर सरळ उभी होती. "तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. ताटातलं मीठ शिकले होते, पिंपातलं नाही. मला वाटलं, मला मीठ कळलं. आत्यानं माझं ऐकलं, कारण घरात माझं कुणीतरी इतकं मनावर घेत होतं. यंदा टिकवण्याचा विषय घेतला आणि पहिल्याच महिन्यात कळलं की ताटात जे जास्त झालं की माणसाला मारतं, तेच पिंपात कमी पडलं की मारतं. तुम्ही म्हणता रस्ता बदलला. मी बदलला नसता ना, तर आज इथं उभी राहून मीच म्हटलं असतं, आजोबा खा, यंदा मीठ कमी आहे, तब्येतीला चांगलं."

रगबनं पिंपाकडे बघितलं, जावयाच्या टोपलीकडे बघितलं, आणि तो मटकन पायरीवर बसला. त्याच्या पोटच्या दुसऱ्या पोरीच्या घरी ती टोपली जायची होती, हे बहुधा त्याला तेव्हा उमगलं.

हाजनी पाटावरचा मासा परत पिंपात टाकला. हात साबणानं दोनदा धुतले. मग नातीला जवळ बोलावून प्रश्न विचारायला लागले, आणि ते प्रश्न एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराला विचारावेत तसे होते. मोठ्या माशाच्या पोटापर्यंत मीठ किती दिवसांनी पोचतं? मासा मिठात घालायच्या आधी फुगायला ठेवतो, तेवढ्यात तो जंतू वाढतो का? दगड जड असला तर फरक पडतो का? रदवाला जे येत होतं ते तिनं सांगितलं. दोन ठिकाणी म्हणाली, हे मला अजून येत नाही, डॉक्टर सुहेरना विचारून सांगते. त्या दोन उत्तरांनी हाज सर्वांत जास्त खूश झालेले इन्साफला दिसले. येत नाही म्हणणारा माणूस त्यांनी या धंद्यात साठ वर्षांत पाहिला नव्हता, स्वतःला धरून.

"उरलेल्या सात पिंपांतला एकेक मासा घेऊन जा," ते म्हणाले. "तुझा कागद येईपर्यंत फळी वर जाणार नाही."

"बाबा, सोमवारी सण आहे," रगब म्हणाला.

"सण पुढच्या वर्षीही आहे."

रदवा म्हणाली की उद्या सकाळी डॉक्टर सुहेर प्रयोगशाळा उघडून देतील, पण सकाळची गाडी फार उशिरा पोचते. कुणी काही बोलायच्या आत रगब उठला. मी सोडतो, म्हणाला, आणि तू मोजत असशील तोवर मी बाहेर थांबतो. एवढंच. पुढच्या सत्राचा विषय त्यानं काढला नाही, आणि इनायातनंही शहाणपणानं काढला नाही.

चार पिंपं मागच्या पडीक जागेत नेली. वजीहनं अंगरखा काढून खड्डा खणला, कमरेइतका. चांगले मासे मातीत जाताना बघून तो दोनदा हळहळला, मग साबरीनचं नाव घेऊन पुन्हा कुदळ मारायला लागला. वरून चुना टाकला तो हाजनी स्वतः, नाकाला फडकं बांधून. मांजरं उकरतील म्हणून रदवानं दगड रचायला सांगितले. इन्साफ लांब उभी होती. तिला कुणी हाक मारली नाही, आणि हाक न मारताही जावं असं तिला वाटेना. अकरा वर्षांत या घरात तिचं म्हणून जे काही झालं होतं, ते त्या खड्ड्यात चाललं होतं. आता बाबा मिठाला हात लावू देणार नाहीत. धुवायलासुद्धा उभं करतील की नाही कोण जाणे.

ऊन उतरल्यावर हाज अंगणात येऊन पुन्हा त्याच स्टुलावर बसले. त्यांनी रदवाला विचारलं की तुझ्या त्या कॉलेजात म्हाताऱ्या बायका घेतात का.

रदवाला आधी कळलं नाही. मग तिनं आत्याकडे बघितलं. म्हणाली, घेतात. माझ्या वर्गात चार मुलांची आई आहे, एक निवृत्त नर्स आहे. शाळेतला व्यापार डिप्लोमा झालेल्यांना खुल्या शिक्षणाच्या वर्गात प्रवेश मिळतो, आणि तो आत्याचा झालाय. दोन दोन विषय घ्यायचे. शनिवारचे तास. मध्ये कामाचा हंगाम आला तर थांबायचं, पुन्हा तिथूनच सुरू करायचं.

"दोन दोन विषयांनी किती वर्षं लागतात?"

"सात. आठ."

"ती काय करणार तिथं?" रगब म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. "या वयात पोरींच्या बाकावर बसणार?"

हाजनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दुपारपासून ते लेकीशी एक शब्द बोलले नव्हते. आता बोलले, आणि आवाज काही मऊ केला नाही.

"इन्साफ, इकडं ये."

ती आली. मान खाली होती.

"आजपासून माझ्या पिंपाजवळ मीठ घेऊन यायचं नाही."

"नाही येणार, बाबा."

"पुरतं ऐक. तू दुसऱ्याचं अर्धं ऐकून माणसं मारायला निघाली होतीस, आणि ती जगावीत म्हणून. असला वेडेपणा माझ्या घरात कुणी केला नव्हता." मिशीवरून हात मात्र त्यांनी फिरवला नाही. "आणि मी खात होतो तेव्हा हात तू धरलास. रगबनं नाही धरला. तर हिच्याबरोबर जा आणि उरलेलं अर्धं शिकून ये. ताटातलंही आणि पिंपातलंही. मग मीठ तुझं."

इनायातनं मागून येऊन इन्साफच्या पाठीवर हात ठेवला, तसा तिला हुंदका आला. रदवा हसत होती आणि डोळे पुसत होती. अर्ज कधी भरायचा, एवढं इन्साफनं कसंबसं विचारलं. रदवा म्हणाली, या महिनाअखेर. पण घाई करू नकोस आत्या, एकेक विषय घेऊन सावकाश केलंस तरी चालतं, तीच तर त्या शिक्षणाची गंमत आहे.

हाज स्टुलावरून उठत होते. गुडघ्यावर हात ठेवून ते अर्ध्यात थांबले.

"सावकाश शीक," ते लेकीला म्हणाले. "पण फार सावकाश नको. मी ऐंशीचा झालो, आणि तुझ्या हातचं पिंप मला उघडायचंय."